इटलीच्या बाईला तुकाबाईचं तोंड

तुकाबाईशी भांडायचं नाही, हे आळेफाट्याच्या बाजारात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मेथी, शेपू, कोथिंबिरीच्या जुड्या पुढ्यात मांडून ती पोत्यावर बसली, की तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा तो पाटी रिकामी होईपर्यंत. कुणी जुडी उलटीपालटी करून नाक मुरडलं की मेलाच तो. “आवं पावणं, मेथी हाय ती, सोयरीक न्हाई एवढी निरखून बघाया!” गिऱ्हाईक शरमायचं आणि गुमान एक जुडी जास्तच घ्यायचं. बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात. हिची तर सकाळी तोडलेली मेथी होती.

हा आवाज तिला मेंढरांनी दिला होता. बाप दिवाळी झाली की कळप घेऊन माळशेज उतरून कोकणात जायचा, आणि फ्रॉकमधली तुकी या टेकाडावरून त्या टेकाडावरच्या कुत्र्याला हाका मारायची. कुत्रं ऐकायचं. पुढं लग्न होऊन ती आळ्याच्या वस्तीवर आली, सासऱ्यामागं मेंढरं गेली, त्याचं वाट्याला आलेलं रान तेवढं राहिलं, पण आवाज काही लहान झाला नाही. वस्तीवरच्या बायांना कुणाशी भांडायचं असलं, तर त्या आधी तुकाबाईच्या दारात यायच्या. “चल गं, माज्याकडनं बोल.” बांधाचं भांडण असो, कोंबडीचं असो, सुनेच्या माहेरचं असो, तुकाबाई डोक्यावर पदर घेऊन निघायची आणि समोरच्याला उभा सोलून परत यायची. वकील परवडत नाही त्यांनी काय करायचं? तुकाबाई करायची. वस्तीत तिला जो काही मान होता, तो या तोंडाचाच होता. रूप नव्हतं, पोटी मूल नव्हतं. होतं ते एवढंच.

नवरा सोमाजी म्हणजे वेगळीच तऱ्हा. लग्नातल्या हळदीचा रंग जायच्या आत त्यानं मेंढरं बापाच्या अंगावर टाकली आणि नारायणगावला जाऊन एका तमाशाच्या फडात शिरला. तिथं तो मावशी झाला. गवळणीत राधेबरोबर मथुरेच्या बाजाराला निघते ती म्हातारी मावशी, ती नेहमी पुरुषच करतो. मिशी भादरायची, नऊवारी नेसायची आणि कृष्णाला चार शिव्या हासडायच्या. सोमाजीची मावशी पंचक्रोशीत गाजली. त्याचं कारण त्याच्या म्हाताऱ्या उस्तादानं त्याला शिकवलेली एक गोष्ट. उस्ताद म्हणायचा, “बाईचा आवाज गळ्यातनं काढू नगं, गावातनं काढ. एक जिती बाई धर आन तिचं तोंड उचल.” फडात सगळे मावशीवाले तेच करत. सोमाजीनं आधी चुलती उचलली, मग आळ्याची सुईण उचलली. कुणाला वाईट वाटलं नाही. मावशी अंगभर लुगड्यात असायची, लोक पोट धरून हसायचे आणि ती सुईणही पुढं बसून हसायची.

मग लोकांना मावशीचा कंटाळा आला. पिच्चरची गाणी पाहिजेत, नाच पाहिजे, धूर पाहिजे. गवळण आखडत गेली, मावशी तर पार कापलीच. ब्याण्णव साली सोमाजी पत्र्याची पेटी घेऊन वस्तीवर परत आला. तुकाबाईनं त्याला अंगणातच उभा केला आणि इतक्या वर्षांचं सगळं साठवलेलं एका दमात बाहेर काढलं. “आगं बया! आलं का माजं कुंकू? वाट चुकलं का फड मोडला? तुजा मुडदा बशिवला, मी मेली का जिती हाय बघाया आलास व्हय रं?” ओढ्यापलीकडच्या लोकांनीही ते ऐकलं. सोमाजी मान खाली घालून उभा होता. त्याच आठवड्यात तो तापानं फणफणला. तेव्हा त्याचं डोकं मांडीवर घेऊन तिनं अगदी हळू म्हटलं, “आता जाऊ नगं रं कुठं. माज्या पायाशी पडून ऱ्हा, पर जाऊ नगं.” जन्मात हळू बोलायची तिला सवय नव्हती. तरी ती हे बोलली, आणि ते त्याच्याशिवाय कुणी ऐकलं नाही.

सोमाजीला शेतीतलं काही येत नव्हतं. फाट्यावर सुदर्शन नावाचा एक बागायतदाराचा पोरगा होता, त्यानं आपल्या कांद्याच्या जुन्या वखारीत व्हिडिओ हॉल काढला. पत्र्याच्या भिंती, लाकडी बाकडी, पुढं उंच टेबलावर रंगीत टीव्ही. तिथं झाडलोट करायला आणि दारात तिकिटं फाडायला सोमाजी राहिला. सुदर्शननं मुंबईहून पोतडीभर कॅसेटी आणल्या. पिच्चर इटलीचे होते, तेही जुने, सत्तर-पंच्याहत्तरच्या काळातले, रंग उडून तांबूस पडलेले. इटली कुठं आली हे सुदर्शनला ठाऊक नव्हतं. कॅसेटच्या डबीवर बाईचा गाऊन खांद्यावरून घसरलेला होता, तेवढा भूगोल त्याला पुरला.

पण लोचा असा झाला की इटलीच्या माणसांना बोलायची भारी खोड. बाई न्हाणीत जायची मिनिटभर, आणि त्याआधी अर्धा तास माणसं नुसती हातवारे करून बोलायची. बोलता बोलता शेवया खायची, परत बोलायची. त्यातलं एक अक्षर कुणाला कळेना. ट्रकवाले, द्राक्षवाले, बाजाराला आलेले बाप्ये दुपारच्या खेळाला तोंडावर रुमाल बांधून आत यायचे आणि वैतागून बाकडी आपटायचे. “आरं पुढं पळीव! काय चाललंय ते तरी सांग!” एके दिवशी बाकडं मोडलंच. तेव्हा सोमाजीनं टीव्हीचा आवाज बंद केला, कोपऱ्यात पडद्याआड स्टूल टाकलं, माइक घेतला आणि बोलायला लागला.

त्याला बोलायला काय अवघड होतं? असल्या पिच्चरची गोष्ट तर त्याला पाठ होती. म्हातारा आजारी पडतो, घरात नर्सबाई येते, आणि म्हाताऱ्यापासून नातवापर्यंत घरातले सगळे बाप्ये पाघळतात. कुणी किल्लीच्या भोकातून बघतो, कुणी शिडी लावतो, कुणी कपाटात लपतो आणि नेमका तिथंच दुसरा लपलेला निघतो. वगात याहून वेगळं काय असतं? एक बुटका टकल्या नट होता, तो दर पिच्चरला मार खायचा आणि त्याला बाई कधीच मिळायची नाही. सोमाजी त्याच्यावर जीव टाकायचा. “ह्यो गडी फडातला हाय,” तो सुदर्शनला सांगायचा, “ह्याचं पडणं बघ. असं पडायला धा वर्सं मार खावा लागतो.” आणि एक उंच बाई होती, राखेच्या रंगाच्या केसांची, डोळ्यांनी दमलेली. कधी मास्तरीण, कधी नर्स, कधी पोलीस. तिचे कपडे उतरायची वेळ आली की ती नेमकी भलतीकडेच बघायची, दुसऱ्या खोलीतून तिला कुणी हाक मारल्यासारखी.

या बाईला तोंड पाहिजे होतं. आणि उस्तादानं शिकवलेलं सोमाजी विसरला नव्हता. जिती बाई धर. घरात होतीच की एक.

असली अवदसा कुणाला आठवावी? पण त्याच्या मनात पाप नव्हतं. त्याला खरंच वाटायचं की आपल्या बायकोइतकं फर्डं बोलणारी बाई दुसरी नाही. त्यानं तुकाबाईचा आवाज जसाच्या तसा उचलला. तिचा हेल, तिच्या शिव्या, बोलता बोलता श्वास घ्यायची तिची तऱ्हा, सगळंच. इटलीची नर्स गुडघ्यावरचा झगा सावरत म्हणायला लागली, “आवं पावणं, मेथी हाय ती, सोयरीक न्हाई!” टकल्या शिडीवरून पडला की ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, “आगं बया! मुडदा बशिवला तुजा!” पब्लिक बाकड्यावर उभं राहिलं. लोकांनी त्या बाईचं नावच बयाबाई ठेवलं. दुपारचा खेळ भरून वाहायला लागला. “आज बयाबाईचा हाय का?” असं विचारूनच लोक आत शिरायचे.

बयाबाई कोण, हे त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांना पहिल्याच दिवशी कळलं. बाजार तिथंच होता ना! पण घरी सांगणार कोण? सांगायचं तर आपण वखारीत गेलो होतो हे कबूल करावं लागणार. त्यामुळं बाप्ये चिडीचूप. बाया त्या वखारीच्या वाटेनं जातच नसत. आणि तुकाबाईला एवढंच ठाऊक की नवरा कुठल्याशा हॉलवर तिकिटं फाडतो.

बाजारात तिच्याभोवती गर्दी व्हायला लागली. जे कधी भाजी घ्यायला येत नसत असे बाप्ये यायचे, जुडी उलटीपालटी करायचे, मुद्दाम नाक मुरडायचे आणि वाट बघत उभे राहायचे. तुकाबाईनं तोंड उघडलं की एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसायचे. डोळ्यांत पाणी येईस्तोवर. तुकाबाई खूश! तिला वाटलं, आपल्या जिभेला या वयात आणखी धार आली. ती घरी येऊन सोमाजीला सांगायची, “आज आसं बोलले, तसं बोलले, बाजार नुसता लोळला.” सोमाजी जेवता जेवता थांबून विचारायचा, “कसं बोललीस? परत बोल की.” ती परत बोलायची. नवरा आपलं इतकं ऐकतो याचंच तिला कौतुक. बिचारी चांगलं नटवून, चढवून बोलायची, आणि दुसऱ्या दिवशी ते वखारीत खपायचं.

असं चांगली तीन-चार वर्षं चाललं. जग किती चिवटपणे गप्प बसू शकतं बघा.

मग साळुबाईचं भांडण निघालं. साळुबाई म्हणजे शेजारच्या मळ्यातली, नवरा हौशीराम, चांगली दांडगी जमीन. पाटाच्या पाण्याची पाळी खालच्या शेतकऱ्यानं आपल्याकडं वळवली म्हणून ती चवताळली आणि रीतीप्रमाणं तुकाबाईला घेऊन बांधावर गेली. हौशीरामही मागं होता. तुकाबाईनं पदर खोचला. “आरं ए पाणीचोरा! तुज्या तोंडात माती पडंल, आमच्या पाटात कशाला हात घालतूस?” समोरचा गडी लाल व्हायला हवा होता. तो हसायला लागला. तुकाबाईचा आवाज चढला, तसं त्याचं हसू वाढलं. आणि मागं बघते तर काय, हौशीरामही हसतोय! ज्यांच्यात मारामारी व्हायची ते दोघे बाप्ये बांधाच्या दोन्ही अंगांना गुडघ्यावर हात टेकून हसत होते. तुकाबाईनं खोचलेला पदर सोडला आणि घरची वाट धरली. पाणी काही मिळालं नाही.

साळुबाई काय सोडते? तिनं घरी जाऊन हौशीरामला धारेवर धरला आणि सगळं काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी धुण्यावर चार बायांसमोर तिनं तुकाबाईला ऐकवलं. समजावून नाही, ठेचून. “तुज्या नवऱ्यानं तुला वखारीत बशीवलीय. नागड्या बाईच्या अंगात. आमचे बाप्ये रोज दुपारी तुजा आवाज ऐकाया जात्यात. लई खपती म्हणं तू.” बाया धुणं आपटायच्या थांबल्या. तुकाबाई म्हणाली, “खोटं.” बस, एवढंच म्हणाली. पीळ न काढताच लुगडं बादलीत टाकून ती फाट्याकडं चालायला लागली.

वखारीच्या मागच्या अंगाला पत्र्याला भोक होतं. तिथं डोळा लावायच्या आधीच तिला आवाज आला. आपण घरात नसताना आपलाच आवाज घरातून यावा तसं ते होतं. तिनं बघितलं. टीव्हीवर ती उंच बाई, अंगावर टॉवेल, ओठ हलतायत. काय बोलत असेल ती तिची तिलाच माहीत, कारण तिचा आवाज बंद होता आणि तिच्या तोंडातून तुकाबाई बोलत होती. शिव्या तुकाबाईनं ओळखल्या. त्या तिनं सोसल्याही असत्या. चोरल्या तर चोरल्या, शिव्या काय, गावभर वाटलेल्याच होत्या. पण तो टकल्या शिडीवरून पडला, सरपटत आला आणि त्यानं बाईच्या उघड्या पायावर डोकं टेकलं. बाईनं भलतीकडं बघितलं. आणि माइकवरून अगदी हळू आवाज आला, “आता जाऊ नगं रं कुठं. माज्या पायाशी पडून ऱ्हा, पर जाऊ नगं.”

सगळी वखार पत्रे उडतील अशी हसली. कुणीतरी शिट्टी मारली. “पडतो की बयाबाई, पडतो!” म्हणून दहा जण ओरडले. रोजचंच होतं त्यांना, कुठं ओरडायचं ते पाठ होतं.

सोमाजी घरी आला तेव्हा ती दारात उभी होती. तिनं त्याला जे झाडलं, त्याला तोड नव्हती. रडत नव्हती, नुसती जळत होती. “आरं भाड्या, बायकू इकायची तर शरीर तरी इकायचंस! ते झाकता आलं आसतं. तू माजी जीब काढून चव्हाट्यावर टांगलीस. तुज्या तापात बोललेलं तू बाप्यांना वाटलंस रं? कुत्रं बी मालकाचं चाटलेलं दुसऱ्याला दावत न्हाई!” आणि बोलता बोलता तिचं लक्ष त्याच्या तोंडाकडं गेलं. त्याचे ओठ हलत होते. अगदी बारीक. तो पाठ करत होता.

“काय बोलतीस गं तू,” तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. “आख्ख्या फडात आसं कुणी बोललं न्हाई. हसत्याल त्यांचे दात दिसत्याल. तुजं नाव झालंय, येडे.”

तुकाबाई त्या दिवशी गप्प झाली. रागानं दोन दिवस धरतात तसला अबोला नव्हता हा. तिनं तोंडच मिटलं. घरात भाकरी पुढं सरकवायची, बोलायची नाही. बाजारात बसायची, बोटांनी भाव सांगायची. गिऱ्हाइकांनी डिवचून बघितलं, नाक मुरडून बघितलं, एका दांडग्यानं जुडी फेकून बघितली. तिनं ती उचलून परत ओळीत ठेवली. गर्दी पांगली. मेथी संध्याकाळपर्यंत सुकायला लागली. बायांनी भांडायला बोलावणं कधीच सोडलं होतं. साळुबाई तर वाटेत दिसली की तोंड फिरवायची. जसं काही हिनंच तिच्या हौशीरामला हाताला धरून वखारीत नेलं होतं!

बयाबाईही मग सुकली. नवं काही मिळेना, तेव्हा सोमाजी जुनंच उगाळायला लागला. पब्लिक कंटाळलं. त्यानं घरात मुद्दाम दूध सांडलं, भाकरीला नावं ठेवली, एकदा तर तिचा कुंकवाचा करंडा लपवला. तिनं एक शब्द काढावा म्हणून त्यानं काय काय केलं! ती त्याच्याकडं बघायची आणि सांडलेलं पुसायची. पुढं घरोघर केबल आली, सीड्या आल्या. इटलीच्या बाया पोरांना म्हाताऱ्या वाटायला लागल्या. सुदर्शननं वखारीत खताचं दुकान टाकलं आणि कॅसेटी भंगारात घातल्या. सोमाजीनं त्यातली एक मागून घेतली, टकल्याची. घरात व्हीसीआर नव्हता. ती नुसतीच फळीवर पडून राहिली.

त्यानंतर काही वर्षांनी सोमाजीवरून वारं गेलं. उजवं अंग पडलं आणि वाचा गेली. ‘आ’ आणि ‘ऊ’ यापलीकडं त्याला काही काढता येईना. दवाखान्यातून आणून त्याला बाजेवर टाकला. तुकाबाईनं त्याचं तोंड पुसलं, जीभ कशी लोळागोळा झालीय ते नीट बघून घेतलं. या तोंडातून आता काही बाहेर जाणार नाही अशी तिची खात्री पटली, आणि मग ती बोलायला लागली.

देवा, काय बोलली ती! दार लोटून घ्यायची, त्याला भरवायला बसायची आणि सुरू व्हायची. कित्येक वर्षांचं तुंबलेलं. साळुबाई काय म्हणाली, बाजारात कोण कसा हसला, पाटाच्या बांधावर कसं झालं, सगळं सांगून झालं. शिव्या घालून झाल्या. “गिळ रं मुडद्या, गिळ. आता उचल माजं तोंड, उचल की!” तो डाव्या अंगानं हसायचा, लाळ गळायची, ती पुसायची. मग हळू आवाजातलंही काही काही यायला लागलं. त्याच्या कपाळाला तेल लावता लावता ती मेंढरांच्या गोष्टी सांगायची, कोकणातल्या. तो डोळे मिटून ऐकायचा. लाज वाटते म्हणायला, पण त्या दोघांच्या संसारातले तेच काय ते सुखाचे दिवस.

दोन हजार सहा साली, पौषात, सोमाजी गेला.

वस्ती गोळा झाली. सोमाजीची बहीण भागू वेशीपासूनच ऊर बडवत आली. बायांनी मढ्याभोवती कोंडाळं केलं आणि सगळ्या तुकाबाईच्या तोंडाकडं बघायला लागल्या. आमच्याकडं बायकोनं बोलून रडायचं असतं. नुसती टिपं गाळून चालत नाही, मेलेल्याला हाका माराव्या लागतात, त्याचं सगळं सांगावं लागतं, तरच तो सुटतो म्हणतात. बाप्ये अंगणात बांबू बांधत होते. सुदर्शन होता, हौशीराम होता, तो पाणीचोरही होता. सगळे पिकलेले, टकलं पडलेले.

तुकाबाईनं विचार केलाच नाही. वर्षभर घरात बोलायची सवय झाली होती. तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला आणि तोंड उघडलं. “आरं बोल की रं... आता का गप झालास... पाणी तापिवलंय, ऊठ की... मला कुणाच्या जिवावर टाकून चाललास रं...” आवाज तसाच होता. तसूभर कमी झाला नव्हता. तो अंगणात गेला, गोठ्यावरून ओढ्यापर्यंत गेला.

अंगणात कुणाच्या तरी नाकातून फुर्रकन हवा सुटली.

मग दुसऱ्याच्या. सुतळी बांधणारा हात थांबला. सुदर्शननं टॉवेल तोंडावर दाबला आणि त्याचे खांदे हलायला लागले. हौशीराम भिंतीकडं तोंड करून वाकला. बायांना वाटलं बाप्यांनाही रडू फुटलं, कुणी कुणी पदराला डोळे लावले. हसण्यात आणि रडण्यात पाठमोऱ्या माणसाचा फरक कळत नाही, खरं आहे. पण तुकाबाईला कळला. त्यांचं हसू तिनं तीन-चार वर्षं रोज समोर बसून ऐकलं होतं. आणि त्यांनाही दुष्टावा करायचा नव्हता हो. बऱ्याच वर्षांनी आवाज कानावर पडला आणि आतून आलं. एवढंच. माणूस असाच मेला नीच असतो, त्याला दुष्टावा करायचीही गरज पडत नाही.

ती अर्ध्या शब्दावर थांबली. भागूनं तिला ढोसलं. “रड गं! आशी मधीच काय थांबलीस? त्येला सोडीव!” तुकाबाईनं पदराचा बोळा दातांत धरला. बाया कुजबुजल्या. बाप्यांनी तोंडं पुसली, घसे खाकरले आणि मढं उचललं.

जाळून झाल्यावर सगळे घरामागच्या विहिरीवर अंघोळीला आले. तुकाबाई आत भिंतीला टेकून बसली होती. भिंतीपलीकडं पाण्याचा आवाज, बादल्यांचा आवाज, हळू बोलणं. मग कुणीतरी तरणा गडी, खताच्या दुकानातला भैरवनाथ असणार, नकला चांगल्या करायचा तो, बायकी आवाज काढून म्हणाला, “आरं बोल की रं... पाणी तापिवलंय, ऊठ की...” हेल बरोबर होता. मधला श्वाससुद्धा बरोबर होता. “गप ए भाड्या,” कुणीतरी म्हणालं, आणि सगळे एकदम हसले. ओले, गारठलेले, पोट धरून. “परत कर, परत,” सुदर्शन म्हणाला. त्यानं परत केलं.

मग ते ओळीनं दारात आले. गंभीर तोंडं करून एकेकानं कडुलिंबाचा पाला चावला, थुंकला, तुकाबाईला हात जोडले आणि आपापल्या घरी गेला.

“आता तरी रड गं बाई,” भागू म्हणाली. “लोक काय म्हणत्याल?”

तुकाबाईनं तिच्याकडं बघितलं आणि चूल सारवायला उठली. बाया जाता जाता साळुबाईच्या दारात थांबल्या, आणि नवऱ्यापायी दोन शब्द रडली नाही असली दगडाची बाई आपण पाहिली नाही, असं सगळ्यांचं एकमत झालं.